रजिस्टरातली दोन पानं

बाबा,

तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही चिडले नव्हते. आईवर चिडले, नवऱ्यावर चिडले, शाळेतल्या मुख्याध्यापिकेवर तर रोजच. तुमच्यावर कधी नाही. तुमचं नाव निघालं की माझा आवाज आपोआप मऊ व्हायचा आणि माझी मुलगी म्हणायची, "लो, मम्मी का भाषण शुरू." गेल्या महिन्यात ते भाषण बंद पडलं. आता तुमच्या फोटोवरची धूळ पुसतानासुद्धा फडकं जरा जोरातच फिरतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यावर रागवायची या घरात रीतच नव्हती, आता तरी ऐका.

तुमच्या मंडळापासून सुरुवात करते. मंडळ म्हणजे तुम्ही सहाजण. सगळे विदर्भातून इथल्या पोलादाच्या प्लँटमध्ये नोकरीला आलेले, सगळ्यांना मराठीत लिहायची खाज, आणि आजूबाजूला सगळा कारभार हिंदीचा. तुम्ही क्रेन ऑपरेटर, टाइम ऑफिसचे काका, हॉस्पिटलातल्या नर्सबाई, बाकीचे तिघे प्लँटच्याच निरनिराळ्या मिलमधले. अडचण अशी की सहाजण एका वेळी कधी मोकळे नसायचे. कोणी पहिल्या शिफ्टला, कोणी दुसऱ्या, कोणाच्या सुटीचा वार मंगळवार. महिन्यातून एखादा रविवार जमला तर जमला. म्हणून तुम्ही प्लँटचीच रीत उचललीत. शिफ्ट सुटताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला चार्ज देतो, यंत्र कसं चाललं, कुठे काय बिघडलंय ते लॉगबुकात लिहून देतो, तशी प्रत्येकाची गोष्ट एका कापडी पिशवीतून हातोहात फिरायची. सोबत लाल कापडी बांधणीचं जाड रजिस्टर. दुपारी दोनला गेटजवळच्या सायकल स्टँडवर पहिल्या शिफ्टवाला दुसऱ्या शिफ्टवाल्याच्या हँडलला पिशवी अडकवायचा. ज्यानं वाचलं त्यानं रजिस्टरात लिहायचं, काय नीट चाललंय, काय बिघडलंय, आणि खाली सही. 'छान' असं लिहायला बंदी होती. छान म्हणजे काही रिपोर्ट नाही, असं टाइम ऑफिसचे काका म्हणायचे. सगळ्यांचं लिहून झालं की पिशवी ज्याची त्याच्याकडे परत यायची. त्यानं सगळं वाचून खाली दोनच शब्द लिहायचे, 'चार्ज घेतला', आणि सही करायची. भांडायचं ते मग रविवारी, चहासोबत.

त्या रजिस्टराची किंमत तुम्हाला ठाऊक नव्हती असं म्हणायचीही सोय नाही. तुमच्या पहिल्या गोष्टीवर नर्सबाईंनी लिहिलं होतं की पहिली दोन पानं नुसतं हवामान आहे, माणूस तिसऱ्या पानावर येतो. तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत. आईनं केलेलं वरण आळणी आहे म्हणालात, त्यात मीठ अगदी बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी अंगणातल्या पपईखाली खाट टाकून बसलात आणि ती दोन पानं काढून टाकलीत. पुढे ती गोष्ट नागपूरच्या एका दिवाळी अंकात आली तेव्हा पेढे वाटताना मला म्हणालात, "गोष्ट माही हाय, पन तिचे नट-बोल्ट त्या पाच जनाईनं कसले." हे वाक्य मी शाळेत किती मुलांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. आता ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

आणि ती ब्रेकची दुपार. मी नववीत होते. मे महिना, पावणेतीन वाजलेले. तुम्ही पहिली शिफ्ट करून आलात, हातपाय धुऊन पाटावर बसलात. आईनं ताट वाढलं. दुसरा घास हातात घेतला आणि तुमचा हात तसाच थांबला. "ब्रेक लेट धरून राहिला होता. लिवाचं राहून गेलं," असं म्हणत तुम्ही उठलात. आई म्हणाली, "जेवून तं घ्या. अर्ध्या घंट्यानं काय होते?" तुम्ही सदरा चढवता चढवता म्हणालात, "क्रेनखाली मानसं राह्यतात वो. वर बसनाऱ्याले मालूमच नाही का ब्रेक ढिला हाय." आणि त्या उन्हात सायकल काढून पुन्हा गेटपर्यंत गेलात. साडेचारला परतलात. ओठ सुकलेले, पण चेहरा कसा समाधानी. जेवताना मला म्हणालात, "ध्यानात ठेव. यंत्रात बिघाड असनं, यात लाज नाही. पुढच्या शिफ्टपासून लपवनं, हे पाप हाय." मी ध्यानात ठेवलं, बाबा. तुम्हीच विसरलात.

एकोणिसाव्या वर्षी मी पहिली गोष्ट लिहिली ती त्या दुपारचीच. कॉलेजचे फुलस्केप कागद, नऊ पानं. ऊन, सायकल, सुकलेले ओठ, आणि बाप असा थोर की देवानं उठून नमस्कार करावा. तोवर माझं मंडळातलं काम म्हणजे रविवारी चहाचा ट्रे आणि मुरमुरे-फल्लीदाण्याची थाळी स्टुलावर ठेवणं आणि मग पडद्याआड उभं राहून ऐकणं. तुम्ही लोक एका वाक्यावरून अर्धा तास भांडायचात. काकांचा आवाज चढायचा, नर्सबाई हसायच्या, तुम्ही मांडीवर थाप मारायचात, आणि उठताना सगळे एकमेकांच्या सायकलींची हवा बघून द्यायचे. मला तिथे बसायचं होतं. बाकी जगात मला फारसं काही नको होतं. 'चार्ज घेतला' अशी सही ज्यानं केली तो मंडळातला, असा तुमचाच नियम. मी सातवी होणार होते. वहीच्या मागच्या पानावर मी सही गिरवत बसायचे.

तुम्ही माझी गोष्ट वाचलीत, चष्मा काढून डोळे पुसलेत आणि ती पिशवीत टाकलीत. तीन आठवडे मी गेटकडून येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडे बघत होते. मग एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि माझे नऊ कागद तेवढे माझ्या हातात दिलेत. मी विचारलं, काय लिहिलंय? तुम्ही सायकलची चावी खिळ्याला लावत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "काही लिवलं नाही त्याहीनं."

"कोणीच नाही?"

"सोड न वो माय. त्याहीले काय समजते? तू मस्त लिवते. तुले कोनाची गरज नाही."

कोणाची गरज नाही. तुम्हाला पाच जणांची गरज होती, मला मात्र एकाचीही नव्हती. या वाक्यानं मी मोठी झाले असं तुम्हाला वाटलं असेल. मी तर तिथल्या तिथे सुकले. त्यांच्या लेखी मी चहा आणणारी पोरगी, एक ओळ लिहिण्याच्याही लायकीची नाही, असं मी धरून चालले. पुढच्या रविवारी मी ट्रे घेऊन गेले तेव्हा बोलता बोलता सगळे गप्प झाले. काकांनी मान फिरवली. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडून मिटलं. मला वाटलं, अवघडलेत. मी ट्रे ठेवून आत गेले आणि त्यानंतर पडद्याआड कधी उभी राहिले नाही. अठरा वर्षं मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे अहवाल सोडून काहीही लिहिलं नाही. चाळिशीला टेकल्यावर स्मृतीनगरच्या चौघीजणी मला एका वाचनालयात भेटल्या, त्यांनी त्यांच्यात बसवून घेतलं. त्यातल्या एकीनं पहिल्याच दिवशी माझं एक अख्खं पान कापायला सांगितलं. मी घरी येऊन न्हाणीघरात रडले. आपण लिहिलेलं कोणीतरी इतकं नीट वाचलं, याचं ते रडू होतं. हे मला एकोणिसाव्या वर्षी मिळायला हवं होतं. मिळालं होतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

जुनवानीला एका ओळखीच्यांकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. मांडवात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक फार म्हातारा माणूस मांडीवर ताट घेऊन बसलाय आणि माझ्याकडे टक लावून बघतोय. टाइम ऑफिसचे काका. मुलाकडे राहतात, शेजारच्याच घरात. मी वाकून नमस्कार केला तसं त्यांनी माझा हात धरून ठेवला.

"तू क्रेनवाल्याची पोरगी न वो? लिवते का आता काही?"

थोडंफार लिहिते म्हणाले.

"मंग आता तं पानं फाडत नाहीस न?" आणि हसले, दात नसलेलं मोकळं हसू.

"कोणती पानं, काका?"

"लॉगबुकाचे वो. आमी सगळ्याईनं मिळून दोन पानं भरून देल्ली होती तुले. मंग तुया बापानं येऊन हात जोडले. म्हने, पोरीनं रागात फाडून टाकले, लहान हाय, माफ करा तिले."

मी ताट धरून तशीच उभी आहे. मागून कोणीतरी जिलेबी वाढतंय आणि मला नको म्हणायचंही सुचत नाही. काका आपल्याच नादात सांगताहेत. "नर्सबाई म्हने, आपन जाऊन समजावू पोरीले. मीच नाही म्हनलं. प्लँटमंदी लॉगबुक फाडनाऱ्याले कोनी जवळ उभं करत नाही. तू रागीट असशीन, असं समजलो आमी."

मी म्हटलं, "काका, मी नाही फाडली."

त्यांना ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. "अरे बापा" एवढंच म्हणाले आणि ताट खाली ठेवलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते निदान परक्याच्या दारात होतं. तुम्ही माझ्या नावानं हात जोडलेत. ज्या गुन्ह्याला तुमच्या जगात माफी नव्हती तो गुन्हा केलात तुम्ही आणि नाव लावलंत माझं, एकोणीस वर्षांच्या पोरीचं, तिला पत्ता न लागू देता. इकडे मला सांगितलंत त्यांनी काही लिहिलं नाही, तिकडे त्यांना सांगितलंत तिनं फाडलं. दोन्ही दारं बाहेरून कडी लावून बंद केलीत आणि मध्ये मला एकटीला ठेवलंत. आणि घरात येऊन शांतपणे चहा प्यायलात!

मी काकांना विचारलं, काय लिहिलं होतं त्या पानांवर? मला वाटलं, एवढ्या वर्षांनी काय आठवणार. म्हणाले, "मी लिवलं होतं का शेवटचे तीन वाक्यं काढ, ते भाषन हाय. बाकीच्याचं ध्यानात नाही. पन नर्सबाईचं सगळ्याईच्या ध्यानात हाय. तिनं एकच ओळ लिवली होती."

ती ओळ अशी: 'ती बाई जेवली का?'

तुम्ही ती वाचलीत आणि फाडलीत. माझ्या गोष्टीत आई ताट वाढते, 'जेवून तं घ्या' म्हणते आणि नऊ पानांत पुन्हा कुठे दिसत नाही. खरी आई त्या दुपारी कुठे होती ते मला लख्ख आठवतं, कारण मी तिथेच होते. सकाळपासून तिच्या अंगात ताप होता. तुमच्या आधी ती कधी जेवायची नाही. तुमचं ताट झाकून, भिंतीला डोकं टेकून ती पावणेदोन तास बसली होती. साडेचारला उठून तिनं सिगडी पुन्हा पेटवली, तुमच्यासाठी भाजी गरम केली. आणि तुम्ही समाधानानं जेवता जेवता मला पापाची व्याख्या सांगितलीत. मी ते सगळं पाहिलं आणि लिहिलं काय, तर तुमचे सुकलेले ओठ. नर्सबाई आपल्या घरात त्या दुपारी नव्हत्या, तरी त्यांना आई दिसली. कारण त्या मंडळात बसून बसून वाचायला शिकल्या होत्या. तेच मला शिकायचं होतं हो. दुसऱ्याच्या डोळ्यानं आपलं पान कसं दिसतं ते एकट्या माणसाला मरेपर्यंत कळत नाही. माझ्या घरातल्या बाईविषयीचा प्रश्न माझ्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली, आणि तोवर आईही गेली. आता कोणाला विचारू, जेवलीस का म्हणून?

काकांनी पुढे जे सांगितलं ते तर त्यांनी कौतुकानं सांगितलं. म्हणाले, ती ओळ मग मंडळाची होऊन गेली. कोणाचीही गोष्ट आली की कोणीतरी विचारायचंच, यातली बाई जेवली का? म्हणजे, या गोष्टीत कोण उपाशी राहिलंय, कोणाला लिहिणारा विसरून गेलाय? तेवढ्या एका प्रश्नानं त्या सगळ्यांच्या गोष्टी सुधारल्या. माझ्या गोष्टीवरून निघालेला प्रश्न सगळ्यांच्या कामी आला, फक्त मी पलीकडच्या खोलीत चहाला आधण ठेवत होते.

आणि तुमच्याही कामी आला. दोन वर्षांनी तुम्ही ती गोष्ट लिहिलीत, जिच्यावर वाचकांनी तुम्हाला पत्रं लिहिली. नवऱ्याची वाट बघून बघून एक बाई सिगडीजवळ उभ्यानंच थंड भाकर खाते आणि तिला त्याची लाज वाटत नाही. तुमचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून तिची स्वच्छ प्रत कोणी केली? मी केली. अकरा पानं. लिहिता लिहिता माझे हात थांबत होते, इतकी ती बाई खरी होती. मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, हे तुम्हाला कसं सुचलं?" तुम्ही म्हणालात, "सुचते मंग." सुचते मंग! लाज नाही वाटली? माझ्या पानावरचा प्रश्न फाडून तुम्ही स्वतःच्या गोष्टीला लावलात आणि त्याची सुवाच्य प्रतसुद्धा माझ्याच हातून करून घेतलीत.

मी महिनाभर विचार करतेय, कावून केलंत? माझं मन मोडू नये म्हणून, असं आई असती तर म्हणाली असती. तिनं जन्मभर तुमच्यासाठी कारणं शोधली. असेलही. तुमचा जीव होता माझ्यावर, तो मी नाकारत नाही. पण मला वाटतं, माझ्या गोष्टीतल्या थोर बापाला कोणी बोट लावलं ते तुम्हाला सोसलं नाही. क्रेनचा ढिला ब्रेक तुम्ही भरल्या ताटावरून उठून सांगायला गेलात, कारण तो क्रेनचा होता. हा बिघाड तुमचा होता. आणि दोन्ही कारणं खरी असली तरी माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो. मायेनं केलेल्या अन्यायाशी भांडायचं तरी कसं?

काकांना मी परत जाऊन भेटले. त्यांनी एका कागदावर नर्सबाईंची ओळ लिहून दिली, खाली त्यांचं नाव आणि शेजारी स्वतःची सही. म्हणाले, "पुढचं तू लिव." मी कागद घरी आणला. तीन वेळा पेन हातात घेतलं, पण 'चार्ज घेतला' लिहून झालं नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले, सगळा हिशेब तुमच्या माथी मारून मोकळं व्हावं म्हणून. ते कुठे पाठवायचं नाहीच. मुलीला वाचायला द्यावं असं मधेच वाटलं होतं, पण आता तेही करणार नाही, कारण एक गोष्ट यात अजून लिहिलेली नाही आणि ती मी काकांनाही सांगितली नाही.

तुम्ही मला कागद परत दिलेत त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्या शिफ्टला गेल्यावर मी दारामागच्या पिशवीतून रजिस्टर काढलं होतं. माझ्या गोष्टीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. पण पान उलटताना मागच्या बाजूची दोन कोरी पानं सुटून माझ्या मांडीवर पडली. शिवलेल्या वहीतलं पान फाडलं की त्याचं जोडीचं पान निखळतं, हे शाळेत गेलेल्या कोणालाही कळतं. मलाही कळलं. त्यांनी लिहिलं होतं, आणि ते तुम्ही फाडलं होतं. मांडवात काकांना 'कोणती पानं' असं विचारलं तेव्हा कोणती ते मला ठाऊक होतं, बाबा. त्या दुपारी मी ती दोन कोरी पानं नीट जागच्या जागी सरकवली, रजिस्टर पिशवीत ठेवलं आणि तुम्ही आल्यावर तुम्हाला काहीच विचारलं नाही. त्यांनी काय लिहिलं ते आता वाचावं लागणार नाही, याचं मला हायसं वाटलं होतं.